मिनिटाला एकवीस लिटर

नेकारसुल्म,
२ मार्च २००६

प्रिय मीनल,

हस्ताक्षर ओळखलंस ना? ईमेल सोडून ही बाई पोस्टाची तिकिटं का चिकटवत बसली, असं म्हणशील. अगं, माझं ईमेलचं खातं हृषिकेशने उघडून दिलंय, पासवर्ड त्याच्याकडे, आणि आलेली पत्रं तो संध्याकाळी जेवता जेवता मला वाचून दाखवतो. त्यात त्याच्या मनात काही वाकडं नाही, बायकोची कामं करून द्यायची हौसच आहे त्याला. पण हे पत्र कुणी मला वाचून दाखवलेलं चालणार नाही. म्हणून गावाच्या वाचनालयात येऊन बसलेय. उर्जाला किंडरगार्टनमध्ये सोडलं की नऊ ते बारा हे तीन तास माझे. समोर एक आजोबा पेपर वाचताहेत आणि मी मधेच हसले की चष्म्यावरून बघताहेत. बघू देत, मी आज कुणाला भीत नाहीये. म्हणजे भीतेय, पण त्यांना नाही.

तू मला अजून ऊर्मी म्हणतेस. फोनवर तू तसं म्हणालीस की मला क्षणभर मागे वळून बघावंसं वाटतं, ही कोण? इथे मी मालिनी. सासरी एक ऊर्मिलाकाकू आधीच होत्या, एका घरात दोन नकोत म्हणून सासूबाईंनी नाव बदलायचं ठरवलं. आठवतं तुला, तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहिलं तेव्हा तू माझ्या मागेच उभी होतीस आणि कानाशी म्हणालीस, अगं, हाताने तांदूळ सारखे कर, कुणाला कळणार नाही. मी हसले होते. तेव्हा ताटातले तांदूळ गोळा करून त्यांची खीर झाली आणि मी ती खाल्लीसुद्धा. पुढे पासपोर्टसाठी गॅझेटमध्येही तेच नाव छापून आलं.

आणि निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरताना माझी निळी फाइल सासूबाईंनी उचलली. दहावी, डिप्लोमा, भोसरीच्या कंपनीचं अनुभवपत्र, सगळं त्यात. म्हणाल्या, ओरिजिनल्स परदेशात कशाला न्यायची, हरवली म्हणजे? इथे दागिन्यांबरोबर सुखरूप राहतील. हृषिकेशची प्रमाणपत्रं मात्र त्याच्या हँडबॅगेत गेली, कारण त्याला लागणार होती. मी स्वतःच्या हाताने फाइल त्यांच्या कपाटात ठेवली, तिसऱ्या कप्प्यात, पैठणीच्या खाली. वर "बरं झालं आई, तुमच्या लक्षात आलं," असंही म्हणाले. माझ्यासारखी शहाणी शोधून सापडायची नाही.

आता इथलं सांगते. आम्ही दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात या घरात आलो. तिसरा मजला, खाली घरमालकीण फ्राऊ ब्रेनर. त्या वाईट नाहीत. जिना पुसायची पाळी आली की दाराला पाटी अडकवतात, केअरवोखे म्हणतात त्याला, आणि पाटी काढून न्यायला येतात तेव्हा पायऱ्यांच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघतात. घर नीटनेटकं आहे, खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसतात, हृषिकेशची कंपनी सायकलने दहा मिनिटांवर. त्याला गाडीच्या दारांच्या बिजागऱ्यांचं काम आहे आणि ते त्याला मनापासून आवडतं. पण घर गार. अगं, गार म्हणजे किती! स्वयंपाकघरात कणीक मळताना बोटं वळायची नाहीत. उर्जाचा खोकला ऑक्टोबरला यायचा तो एप्रिलला जायचा. मी रेडिएटरचा नॉब पाचवर नेऊन ठेवायची आणि तळहात लावून बसायची, तो आपला कोमट. हृषिकेश म्हणायचा, जर्मनीत असंच असतं, दोन मोजे घाल. फ्राऊ ब्रेनर म्हणायच्या, हवा खेळती ठेवा, खिडक्या उघडा. एकीकडे मोजे, एकीकडे खिडक्या. मी दोन्ही करायची आणि रजई गुंडाळून दुपारभर बसायची.

दोन हिवाळे मी हे गुमान सोसलं, याची आता मला लाज वाटते. तुझ्यासमोर तर फारच वाटते. भोसरीत तुझ्या शेजारी, भास्करसाहेबांच्या बेंचवर चार वर्षं गीझरचे बर्नर तपासलेल्या बाईला आपल्याच स्वयंपाकघरातली ज्योत दिसू नये? आमची हीटिंगची पेटी स्वयंपाकघरातच भिंतीवर आहे, थेर्मे म्हणतात इथे. आपल्या गीझरचाच मोठा भाऊ. तोच नळाला गरम पाणी देतो, तोच रेडिएटरना. जानेवारीत एकदा उर्जाला आंघोळ घालत होते आणि पाणी इतकं कढत आलं की ती ओरडली. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. पाणी कढत आणि रेडिएटर कोमट? एकाच बर्नरवर? म्हणजे गॅस पुरेसा येतोय, बर्नरही ठणठणीत आहे. फक्त हीटिंगच्या वेळी कुणीतरी गॅस आवळून ठेवलाय.

मग माझ्या अंगात आलं. दुसऱ्या दिवशी जिन्याची पाळी नसताना बादली-फडकं घेऊन तळघरात उतरले, म्हणजे कुणी विचारायला नको. गॅसचं मीटर तिथे असतं. अंड्याच्या आकाराचं स्वयंपाकाचं घड्याळ उर्जाच्या हातात दिलं, मिनिट भरलं की सांग म्हटलं. वर गरम पाण्याचा नळ सोडून आले होते. मीटरवर बेचाळीस लिटर. पेटीवरच्या पट्टीत पूर्ण ज्वालेला जितके लिहिलेत तितकेच. मग नळ बंद करून हीटिंग लावलं, पुन्हा खाली. उर्जा "श्टॉप" म्हणून ओरडली तेव्हा मीटर तेरा लिटर पुढे गेलं होतं. फक्त तेरा! पेटीच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात आमच्या घराएवढ्या जागेला वीस-एकवीस हवेत. मी तीनदा मोजलं. उर्जाला वाटलं खेळ आहे, ती चौथ्यांदाही तयार होती.

पुढचं वाचून तू मला शिव्या देशील, दे. इथे पेटीतला गॅस कमी-जास्त करायच्या स्क्रूवर लाखेचं सील असतं आणि परवाना असलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नसतो. नियम शहाणपणाचा आहे, आपणही परक्या माणसाला बेंचपाशी फिरकू देत नव्हतो. मी हृषिकेशला म्हटलं, पेटीच्या कंपनीचा माणूस बोलावू या. तो म्हणाला, घरमालकिणीच्या डोळ्यांवर यायचं नाही, घरं मिळत नाहीत इथे. दोन वेळा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. गॅसचा दाब मोजायला माशांच्या टाक्या विकतात त्या दुकानातून पारदर्शक नळी आणली, ब्रेड कापायच्या फळीवर इंग्रजी यू करून बांधली, मधे पट्टी बसवली. पाणी नीट दिसावं म्हणून रंग हवा होता. घरात रंग कुठला? सासूबाईंनी दिलेल्या करंड्यातलं कुंकू चिमूटभर टाकलं. असा लालचुटुक पाणस्तंभ भोसरीत कुणी पाहिला नसेल.

पेटीत येणारा दाब आधी बघितला. हाताला सवय आपल्या सिलिंडरच्या तीनशे मिलिमीटरची, इथे नळाचा गॅस दोनशेवर येतो, ते पेटीवर वाचून दोनदा स्वतःला बजावलं. बर्नरपाशी हीटिंगच्या वेळी जेमतेम बारा मिलिमीटर. भास्करसाहेब काय सांगायचे? ज्योत बघून सांगू नका, नळी बघून सांगा, आणि नळी बघून झाली की घड्याळ बघून सांगा. प्रवाह दुप्पट हवा तर दाब चौपट, हे मला झोपेतही म्हणता येतं. खिडकी उघडी टाकली, उर्जाला तिच्या खोलीत चित्रं काढायला बसवलं, सील फोडलं आणि स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत गेले. तिसावर आणून थांबले. साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासले. मग तळघर. मिनिटाला एकवीस लिटर. मीनल, तिथे त्या बादलीवर बसून मी रडले गं. कितीतरी दिवसांनी माझं काहीतरी बरोबर आलं होतं.

संध्याकाळी हृषिकेश आला, जेवताना त्याने स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाला, आज बाहेर थंडी कमी झालेली दिसतेय. मी आमटी वाढली. बारा दिवस तसे गेले. उर्जा मोजे न घालता घरभर पळायची. मला वाटायचं सांगावं, मग वाटायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेराव्या दिवशी धुराडी तपासणारा आला. काळ्या कपड्यातला माणूस, वर्षातून एकदा येऊन धूर मोजून जातो. दिसला की शुभ मानतात इथे. हृषिकेशची त्या आठवड्यात दुपारची पाळी, म्हणून तो घरीच होता. त्या माणसाने पेटीचं झाकण उघडलं आणि फुटलेल्या सीलवर बोट ठेवलं. हे कुणी केलं, असं त्याने विचारलं. माझ्या हातात चहाचा ट्रे. मी काही बोलायच्या आत हृषिकेश म्हणाला, "मी." तेव्हा मला वाटलं, हा मला पाठीशी घालतोय. फार बरं वाटलं, खरंच सांगते. मला अजूनही वाटतं की त्या क्षणी तो तेच करत होता.

पण त्या माणसाने धूर मोजला, आकडे बघून भुवया उंचावल्या आणि कुतूहलाने विचारलं, दाब किती ठेवलात, लिटर किती आले? आता बिजागऱ्यांचा इंजिनिअर काय सांगणार! हृषिकेशने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. दोन वर्षं गप्पच होते की. पण आकडा माझा होता. मी ट्रे खाली ठेवला आणि माझ्या मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "तीस मिलिमीटर. मिनिटाला एकवीस लिटर."

त्याने मला आधी चांगलं झापलं. असं पुन्हा केलंत तर गॅस बंद करीन, म्हणाला, आणि ते योग्यच होतं. मग कागदावर लिहिलं की दोन आठवड्यांत कंपनीचा माणूस बोलावून तपासून घ्या आणि सील लावून घ्या. जाताना हात मिळवला तो मात्र माझ्याशी. हृषिकेश पाळीवर गेला तो मला न सांगता. पुढचे चार दिवस घरात फक्त उर्जा बोलत होती, तीही जर्मनमध्ये.

मग पेटी तपासायला फोग्ट आला. साठीचा असेल, आमच्या भागातल्या पेट्या तोच बघतो. त्याने स्वतःचं यंत्र लावून दाब मोजला, तळघरात जाऊन लिटर मोजले, वर आला आणि स्क्रूला हातही न लावता माझ्या तिसावरच नवीन सील ठोकलं. मी चहा दिला. त्याने नोंद करायला वही उघडली, मागची पानं चाळली आणि सहज वाचून दाखवलं. ऑक्टोबर दोन हजार चार, भाडेकरूच्या विनंतीवरून हीटिंग कमीत कमी. खाली सही. मी ती सही रोज बघते गं, उर्जाच्या किंडरगार्टनच्या वहीत, बँकेच्या कागदांवर. हृषिकेशची.

म्हणजे नॉब माझ्या हातात होता. मी तो पाचवर फिरवायची आणि मला वाटायचं मी ऊब वाढवली. आणि तो नॉब कितपत चालू द्यायचा ते आधीच ठरवून, सील करून ठेवलेलं होतं. मी माहेरी, सासरी सगळ्यांना सांगत होते, मला इथे काही कमी नाही.

त्या संध्याकाळी मी विचारलं. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "मला रोजचा वाद नको होता, मालिनी." तू दिवसभर घरी, फोडणीच्या धुराला खिडकी उघडणार, हीटिंग चालूच ठेवणार, गॅस उधळला जाणार, त्यावरून कटकट करण्यापेक्षा एकदाच काय ते करून टाकलं. पहिला हिवाळा झाला की वाढवून घेणार होता. मग विसरला. मीनल, मला बाकी सगळं समजलं, हे विसरणं समजत नाही. तोही त्याच गारठ्यात राहत होता, उर्जाला ताप आला की स्वतःचं जाकीट तिच्यावर घालून रात्र काढायचा. तो दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं! दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. इथे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्का मारणारा विचारतो, लागलं का गं?

आता मुद्द्याचं. फोग्टने जाताना विचारलं होतं, हे शिकलात कुठे? मी भोसरीचं सांगितलं, तुझंही सांगितलं. तो म्हणाला, माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत, दोघंही घड्याळ लावून लिटर मोजायचा कंटाळा करतात, तुम्ही येता का? मी म्हटलं, मला काम करायची परवानगी नाही. हृषिकेशने तसंच सांगितलं होतं. फोग्टने पासपोर्ट मागितला. तो हृषिकेशच्या फाइलमध्ये असतो, मी काढून आणला. त्याने चष्मा लावला, व्हिसाच्या पानावर बोट ठेवलं आणि वाचलं, नोकरी करण्यास मुभा. एक वर्ष तो कागद तसा आहे, नूतनीकरणाला आम्ही दोघं गेलो होतो त्या दिवसापासून. हृषिकेशला विचारलं तर म्हणाला, तू कुठे कधी विचारलंस?

फोग्टला माझी मूळ प्रमाणपत्रं हवीत, निदान डिप्लोमाचं तरी. ती कारागिरांच्या मंडळात दाखवायची, म्हणजे सप्टेंबरपासून त्यांच्या वर्गाला बसता येईल आणि दोन वर्षांनी सील लावायचा हक्क माझा. कागद एप्रिलअखेर पोचले पाहिजेत, नाहीतर पुढचं वर्ष. मी सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हृषिकेशला विचारून पाठवते. हृषिकेश म्हणाला, लोकांच्या तळघरांत पाना घेऊन कुठे फिरतेस, उर्जा शाळेत जाऊ दे, मग बघू. पुन्हा फोन केला. सासूबाई म्हणाल्या, काळजी करू नकोस गं बाळा, कपाटात अगदी सुखरूप आहेत. बाबा गेले, आई दादाकडे नागपूरला, ती ऐकून घाबरेल आणि पहिला फोन हृषिकेशलाच करील. आमच्याकडे कुणी कुणावर आवाजसुद्धा चढवत नाही, आणि माझे कागद हलत नाहीत.

म्हणून हे पत्र. सोबत डिप्लोमाच्या बोर्डात द्यायचा एक अर्ज आणि तुझ्या नावाचं अधिकारपत्र जोडलंय. अर्जात लिहिलंय की माझं डिप्लोमाचं प्रमाणपत्र हरवलं आहे, तरी दुसरी प्रत मिळावी. ते हरवलेलं नाही, हे तुलाही माहीत आणि मलाही. पण ते मिळवायला मला दोन माणसांना विचारावं लागतं आणि दोघंही प्रेमाने नाही म्हणतात, त्याला दुसरा कुठला शब्द मला सापडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा खोट्याखाली सही केली आणि ती नेहमीइतकीच नीट आली, याचंच जास्त वाटलं. तुला हे नको वाटलं तर अर्ज फाडून टाक, मी रागावणार नाही, पण तसं मला कळव. सासूबाईंकडे मात्र जाऊ नकोस. त्या तुला चहा देतील, लाडू देतील, आणि तू जिना उतरायच्या आत हृषिकेशचा फोन वाजेल. प्रत मिळाली की घरच्या पत्त्यावर पाठवू नकोस, फोग्टच्या वर्कशॉपचा पत्ता मागे लिहिलाय, तिथे पाठव. पाकिटावर माझं नाव नीट लिही, प्रमाणपत्रावर आहे तेच. त्याला सांगून ठेवलंय की या नावाने काही आलं तर ते माझंच आहे, आणि त्याने ते नाव वहीत दोनदा लिहून घेतलंय. बारा वाजत आलेत, उर्जा दारात वाट बघत असेल.

तुझीच,
ऊर्मिला दीनानाथ दातार